ड्रॉइंगचं बिऱ्हाड पाठीवर नसतं

"साहेब, तुमची मोरी ज्वारीत येतेय."

साइटवरून सुपरवायझरचा फोन होता. तालुक्याबाहेरचा साधा रस्ता, वाटेत एक नाला, नाल्यावर बॉक्स कल्व्हर्ट. त्यालाच साइटवर सगळे मोरी म्हणतात. तो चेनेज ३+४२० ला, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून ३ किलोमीटर ४२० मीटरवर, चुना मारायला गेला, तर चुना नाल्याच्या चाळीस मीटर अलीकडे, उभ्या पिकात पडत होता. मी डिझाइनचं ड्रॉइंग उघडलं. तिथे ३+४२० बरोबर नाल्यावर. मग त्याला पाठवलेली शीट उघडली, तर मोरीच्या तक्त्यात नवा आकडा आणि रस्त्यावर जुनी चेनेज! रस्त्याची सुरुवात चौकातून पुढे सरकल्यामुळे सगळी चेनेज ४० मीटरने कमी झाली होती. ती दुरुस्ती शीटपर्यंत पोचलीच नव्हती.

नशिबाने जेसीबी लागायचा होता. पण कारण शोधण्यात आमची अख्खी दुपार गेली, आणि सापडलं तेव्हा कोणालाच कोणावर ओरडता येईना. ऑफिसातल्या एकाने ब्राउझरमधून क्लाउडवरचा 'डिझाइन' फोल्डर नीट नाव देऊन 'डिझाइन फायनल' केला होता. त्याने केलं ते एवढंच. बाकीचं सॉफ्टवेअरने इमानेइतबारे केलं, आणि ते कसं केलं हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. वर्डच्या फाइलचंही बहुतेक तसंच असतं: चित्रं, तक्ते सगळं पोटात घेऊन ती फिरते. सिव्हिलच्या ड्रॉइंगचं तसं नाही. आपण ज्या डीडब्ल्यूजी फाइलला 'ड्रॉइंग' म्हणतो, तिच्याकडे तिच्या संसारातल्या बऱ्याच गोष्टींचे फक्त पत्ते असतात. रस्त्याची एक प्लॅन-प्रोफाइल शीट घ्या, म्हणजे वरून दिसणारा रस्ता आणि त्याचा चढ-उतार एकाच कागदावर. तिच्यातला सर्व्हे दुसऱ्या ड्रॉइंगमधून येतो, अलाइनमेंट (रस्त्याची मधली रेघ) तिसऱ्यातून, चौकट आणि टायटल ब्लॉक चौथ्यातून. ह्यांना एक्सरेफ म्हणतात. मागे दिसणारा ड्रोनचा फोटो ही वेगळी फाइल. अक्षरांचा फॉन्ट वेगळा. कुठल्या रंगाची रेघ किती जाड छापायची हे सांगणारी सीटीबी फाइल वेगळी. शंभर शीटा एकत्र बांधणारी शीट सेटची डीएसटी फाइल वेगळी. पडद्यावर हे सगळं एकजीव दिसतं, म्हणून आपण ती एकच फाइल समजतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळे होतो.

क्लाउड स्टोरेजचीही समजूत हीच असते. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स ही हमालाची मंडळी. प्रत्येक डबा चोख उचलतील, पण कुठला डबा कुठल्या डब्याच्या भरवशावर आहे हे त्यांना ठाऊक नसतं. फोल्डरचं नाव बदललं की ते बदल सगळ्यांच्या मशीनवर इमानाने पोचवतात. ड्रॉइंगच्या पोटात लिहिलेला जुना पत्ता मात्र जुनाच राहतो.

आता पत्ता चुकल्यावर ऑटोकॅड, म्हणजे ही ड्रॉइंगं काढायचं सॉफ्टवेअर, काय करतं ते पाहू. ते लगेच हात वर करत नाही. लिहिलेल्या पत्त्यावर एक्सरेफ मिळाला नाही तर ते त्याच नावाची फाइल इतर ठरलेल्या जागी शोधतं. सगळ्यात आधी मुख्य ड्रॉइंगच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, मग प्रोजेक्टच्या नावाने नोंदवलेल्या जागांत, मग ऑप्शन्समधल्या सपोर्ट फाइल सर्च पाथमध्ये. त्या नावाचं काहीही सापडलं की ते जोडतं आणि काम पुढे चालू. आमच्या शीटच्या फोल्डरमध्ये महिन्याभरापूर्वी कोणीतरी ईमेलमधली झिप उघडली होती. तिच्यातलं जुनं अलाइनमेंट, त्याच नावाचं, तिथेच पडून होतं. खरा पत्ता तुटला आणि ऑटोकॅडने शेजारी पडलेलं ते जुनं ड्रॉइंग उचललं. तक्रार नाही, लाल खूण नाही. फाइल सापडली, मग तक्रार कसली?

हरवलेली फाइल एवढी त्रासदायक नसते. ती आरडाओरडा करते, बॅकग्राउंड उडतं, कोणाच्याही लक्षात येतं. चुकीची फाइल सापडली की मात्र सगळं छान दिसतं, छापलं जातं, सही होते. म्हणून एक्सटर्नल रेफरन्सेसच्या पॅलेटमध्ये दोन ओळी वाचायची सवय लावा: 'सेव्ह्ड पाथ' आणि 'फाउंड अ‍ॅट'. पहिली म्हणजे ड्रॉइंगला माहीत असलेला पत्ता, दुसरी म्हणजे फाइल खरोखर सापडली ती जागा. दोन्ही जुळत नसतील तर प्लॉटचं बटण दाबू नका. आमच्याकडे आता शीट बाहेर जाण्याआधी कोणीतरी दुसऱ्याने ह्या दोन ओळी बघायच्या असा नियम आहे. शीटमागे अर्धा मिनिट लागतो.

हरवलेल्या एक्सरेफची एक गंमत सांगतो. फाइल सापडली नाही की ऑटोकॅड तिच्या इन्सर्शन पॉइंटवर (ती जिथे बसवली त्या बिंदूवर) तिचा पत्ता अक्षरांत लिहून ठेवतं. एक्सरेफ आपण सहसा ०,० वर बसवतो. सर्व्हे यूटीएममध्ये (पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडून जागा मीटरमध्ये सांगण्याची पद्धत) असेल तर पुण्याजवळच्या कामाचे आकडे पूर्वेला साधारण ३,७९,००० आणि उत्तरेला २०,४८,००० मीटरच्या आसपास येतात. ह्या झोनचं ०,० पडतं विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला समुद्रात. म्हणजे तुमच्या हरवलेल्या सर्व्हेची पाटी हिंदी महासागरात तरंगत असते. झूम एक्स्टेंट्स मारलं, म्हणजे ड्रॉइंगमधलं सगळं एकदम पडद्यावर आणलं, आणि सगळा रस्ता कोपऱ्यात ठिपका झाला, तर एकदा तिकडे जाऊन ती पाटी वाचून या.

पत्ता कसा लिहायचा

पत्ता दोन तऱ्हेने लिहिता येतो. 'कसबा पेठ, अमुक वाडा, तिसरी खोली' हा पूर्ण पत्ता. 'आमच्या शेजारची खोली' हा सापेक्ष पत्ता, म्हणजे रिलेटिव्ह पाथ. पूर्ण पत्ता क्लाउडवर जवळजवळ हमखास तुटतो, कारण वनड्राइव्ह आपला फोल्डर ज्याच्या त्याच्या युजरच्या नावाखाली ठेवतं. माझ्या मशीनवरचा पत्ता माझ्या नावाने सुरू होतो, तुमच्यावरचा तुमच्या. 'शेजारची खोली' मात्र अख्खा वाडा उचलून दुसऱ्या गावी नेला तरी शेजारचीच राहते. ऑटोकॅड २०१८ पासून नवा एक्सरेफ आपोआप रिलेटिव्ह जोडला जातो. त्याआधी जोडलेले मात्र सहसा पूर्ण पत्त्याचेच असतात, आणि जुनी शीट 'सेव्ह अ‍ॅज' करून नवं काम सुरू करण्याची आपल्याकडे जी रीत आहे, तिच्यामुळे ते वर्षानुवर्षं जिवंत राहतात. पॅलेटमध्ये सगळे निवडून उजव्या क्लिकने पाथचा प्रकार बदलता येतो. एकच अट: दोन्ही फाइली एकाच ड्राइव्हवर हव्यात. सी ड्राइव्हवरची शीट आणि जी ड्राइव्हवरचा सर्व्हे ह्यांच्यात शेजार असूच शकत नाही.

म्हणून प्रोजेक्टचा वाडा एकच ठेवायचा आणि त्याच्या खोल्या पहिल्या दिवशी ठरवायच्या. सर्व्हे, डिझाइन, एक्सरेफ, शीटा, आलेलं, गेलेलं. नावं लहान ठेवा. विंडोजचे बरेच प्रोग्रॅम अजूनही २६० अक्षरांपलीकडच्या पाथवर अडखळतात, आणि 'चौपदरीकरण व सुधारणा करणे भाग एक सुधारित अंदाजपत्रक फायनल दोन' अशी तीन फोल्डरं एकात एक ठेवली की ती मर्यादा फार लवकर येते. मग एकदा ठरलेल्या नावाला हात लावायचा नाही. नाव वाईट असेल तर वाईट राहू दे.

ज्या फाइलींकडे कोणी बघत नाही

फॉन्टचं दुखणं मराठी ऑफिसात जरा जास्तच असतं. ऑटोकॅडचे स्वतःचे फॉन्ट एसएचएक्स नावाच्या फाइलींत असतात. समोरच्याकडे तुमचा एसएचएक्स नसेल तर ऑटोकॅड त्याच्या जागी सहसा सिम्प्लेक्स वापरतं. अक्षरांची रुंदी बदलते, तक्त्यातले आकडे रकान्याबाहेर येतात. इंग्रजीत एवढ्यावर भागतं. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असून त्याला देवनागरी नसलेला एसएचएक्स लागला, तर 'ग्रामपंचायत हद्द' च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. आणि जुन्या, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर फॉन्ट नसताना इंग्रजी अक्षरांची अगम्य खिचडी दिसते. तिच्यातून गावाचं नाव ओळखणं हे ज्याने टाइप केलं त्यालाही जमत नाही. नव्या कामात युनिकोड फॉन्टच वापरा. जुनी ड्रॉइंगं फिरवायची असतील तर तो फॉन्ट सोबत द्या, आणि पीडीएफ तर द्याच.

एसएचएक्सचाच आणखी एक घोळ आहे. जीआयएसवाल्यांकडून (संगणकावर नकाशे करणाऱ्यांकडून) येणारी शेपफाइलसुद्धा एकटी नसते. तिच्या संसारात एसएचपी, डीबीएफ, पीआरजे आणि चक्क एसएचएक्स नावाच्याच फाइली असतात. हा एसएचएक्स म्हणजे फॉन्ट नव्हे, ती शेपफाइलची अनुक्रमणिका. एका उत्साही मुलाने 'सगळे फॉन्ट एकत्र' करण्याच्या नादात गटनंबरांच्या शेपफाइलमधली ही अनुक्रमणिका फॉन्टच्या फोल्डरमध्ये हलवली होती. फॉन्टही वाढला नाही आणि गटनंबरही उघडेनात.

पीआरजे ही त्यातली सगळ्यात दुर्लक्षित फाइल. आकडे कुठल्या प्रोजेक्शनमधले (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या कुठल्या रीतीतले) आहेत एवढं ती सांगते. महाराष्ट्रात हिचं मोल जास्त, कारण आपलं राज्य दोन यूटीएम झोनमध्ये कापलं गेलंय. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३, पूर्वेला झोन ४४. पुणे, नाशिक, अमरावती एका बाजूला, वर्धा आणि नागपूर दुसऱ्या. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ही रेघ ओलांडूनच मुंबईहून नागपूरला जातो. अशा कामात पीआरजे मागे राहिली तर आकडे दिसायला धडधाकट असतात, फक्त जागा सहाशे-सातशे किलोमीटर भलतीकडे जाते.

ड्रोनच्या फोटोची सोबतीण असते वर्ल्ड फाइल. टिफ फोटोबरोबर टीएफडब्ल्यू. नोटपॅडमध्ये उघडा, फक्त सहा ओळी दिसतील:

०.०५
०
०
-०.०५
३७८६००.०२५
२०४८३९९.९७५

पहिली ओळ म्हणजे एक पिक्सेल जमिनीवर पाच सेंटिमीटर. मधली दोन शून्यं म्हणजे फोटो फिरवलेला नाही. चौथी उणे आहे, कारण फोटोच्या ओळी वरून खाली मोजतात आणि उत्तरेचे आकडे खालून वर वाढतात. शेवटच्या दोन ओळी म्हणजे डाव्या वरच्या पिक्सेलच्या मध्याचा पत्ता. फोटो कित्येक जीबीचा, सोबतीण काही अक्षरांची. पण ती नसेल तर फोटो कुठे आणि किती मोठा बसवायचा हे कोणालाच कळत नाही. ती असूनही साध्या इमेज अटॅचने फोटो जोडला तर तिच्याकडे कोणी बघतच नाही. सिव्हिल थ्रीडीमध्ये (ऑटोकॅडचाच सिव्हिलच्या कामाचा अवतार) त्यासाठी मॅपआयइन्सर्ट ही कमांड वापरायची.

दोघांनी एकच शीट उघडली तर

ऑफिसच्या सर्व्हरवर एकाने ड्रॉइंग उघडलं की दुसऱ्याला 'रीड ओन्ली' चा निरोप येतो. फाइल एकच असते, तिला विंडोज कुलूप घालतं, आणि शेजारी तयार होणारी छोटी डीडब्ल्यूएल फाइल कोणी, कुठल्या मशीनवर, किती वाजता उघडलं ते सांगते. सिंक होणाऱ्या क्लाउडवर फाइल एक नसते. प्रत्येकाच्या मशीनवर तिची प्रत असते आणि कुलूप ज्याच्या त्याच्या प्रतीला लागतं. तुम्ही नाशकात, मी पुण्यात, दोघंही निवांत सेव्ह करतो. मग ड्रॉपबॉक्स एकाच्या फाइलला 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असं नाव जोडतं, वनड्राइव्ह मशीनचं नाव जोडतं. एक्सरेफ मूळ नावाकडेच बघत राहतो. ज्याचं काम जोडनावाच्या फाइलमध्ये गेलं, त्याची दिवसभराची मेहनत शीटवर येतच नाही. ती हरवलेली नसते, शेजारीच बसलेली असते. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आठवड्यातून एकदा 'कॉन्फ्लिक्ट' आणि मशीनची नावं शोधून बघा. आम्हाला पहिल्या वेळी अकरा सापडल्या.

सेव्ह करतानाही दोघांची टक्कर होते. ऑटोकॅड चालू फाइलवर थेट लिहीत नाही. आधी तात्पुरती फाइल लिहितं, जुनीचं नाव बदलून बीएके करतं, मग नवीला मूळ नाव देतं. नेमकं त्याच वेळी सिंकवाला फाइल वर चढवायला धरून बसला असेल तर सेव्ह अडतं. बीएके, डीडब्ल्यूएल आणि तात्पुरत्या फाइली सिंकमधून वगळता येत असतील तर वगळा. निदान कुरकुर कमी होते.

सिव्हिल थ्रीडीचे डेटा शॉर्टकट हा ह्याच गोष्टीचा थोरला भाऊ. सरफेस (जमिनीचा उंचसखलपणा), अलाइनमेंट, पाइप नेटवर्क एका ड्रॉइंगमध्ये राहतं आणि दुसरी ड्रॉइंगं त्याचा संदर्भ घेतात. मधला दुवा म्हणजे शॉर्टकट्सच्या फोल्डरमधल्या इवल्याशा एक्सएमएल चिठ्ठ्या: अमुक अलाइनमेंट, तमुक ड्रॉइंगमध्ये, तमक्या पत्त्यावर. चिठ्ठी आणि ड्रॉइंग वेगवेगळ्या वेळी सिंक झालं तर चिठ्ठी पुढे आणि माणूस मागे अशी गत होते. असल्या कामासाठी साधा क्लाउड वापरू नये असं माझं मत आहे. ऑटोडेस्क डॉक्स आणि त्याचं डेस्कटॉप कनेक्टर हे नातं ओळखतं, एकाने उघडलेली फाइल दुसऱ्याला कुलूपबंद दाखवतं. त्याचं वर्गणीचं बिल लहान ऑफिसला झेपेलच असं नाही. न झेपणाऱ्यांनी चालू काम ऑफिसच्या सर्व्हरवर किंवा एनएएसवर (ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कवर) ठेवावं आणि क्लाउडवर फक्त ठरवून बाहेर काढलेल्या प्रती ठेवाव्यात. दिसायला जुनाट वाटतं, पण २०१८ सालच्या आयएसओ १९६५० मध्येही (बांधकामाची माहिती सांभाळण्याच्या मानकात) मूळ विचार हाच आहे: चालू कामाची खोली वेगळी, इतरांना वाटण्याची वेगळी, मंजुरीची वेगळी, जुन्याची वेगळी. दुसऱ्याच्या चालू कामातून एक्सरेफ घ्यायचा नाही, त्याने वाटलेल्या प्रतीतूनच घ्यायचा.

साइटवर जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. वनड्राइव्हमध्ये फाइलीपुढे ढगाचं चित्र असेल तर ती तुमच्या लॅपटॉपवर नाही, फक्त तिचं नाव आहे. शीट तेवढी उतरवून घेतली असेल, तर रेंज नसलेल्या गावी ती उघडेल, तिचे एक्सरेफ उघडणार नाहीत. निघायच्या आदल्या संध्याकाळी अख्खा प्रोजेक्ट फोल्डर 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा आणि हिरवी खूण येईपर्यंत थांबा.

आणि 'क्लाउडवर जुन्या आवृत्त्या असतातच की' ह्या भरवशावर राहू नका. एक तर त्या कायमच्या नसतात. गूगल ड्राइव्ह डीडब्ल्यूजीसारख्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंतच ठेवतं, कायम ठेवायच्या असतील तर तसं सांगावं लागतं. दुसरं म्हणजे त्या एकेका फाइलीच्या असतात. १२ तारखेची शीट परत आणली तरी ती आजचा सर्व्हे आणि आजचं अलाइनमेंट जोडून उघडते. १२ तारखेला सही झालेलं ड्रॉइंग ते नव्हेच. ते हवं असेल तर त्या दिवशीचा सगळा संसार एकत्र बांधून ठेवलेला हवा.

त्यासाठी ऑटोकॅडमध्ये ई-ट्रान्समिट नावाची कमांड आहे. ती शीटच्या मागे लागलेले एक्सरेफ, फोटो, सीटीबी, एसएचएक्स शोधून एका झिपमध्ये भरते आणि काय सापडलं नाही त्याची यादी देते. झिप बांधण्याआधी ती यादी वाचायची. वर्ल्ड फाइल किंवा विंडोजमधला मराठी फॉन्ट तिच्या हातून सुटू शकतो, तो हाताने टाकायचा. काही जण सगळे एक्सरेफ बाइंड करून, म्हणजे मुख्य ड्रॉइंगमध्येच विरघळवून, एकच फाइल पाठवतात. चालतं, पण मग लेयरच्या प्रत्येक नावात डॉलर-शून्य-डॉलर घुसतं आणि समोरचा माणूस तुमच्या नावाने बोटं मोडतो. प्रत्येक सबमिशनची झिप आणि पीडीएफ 'गेलेलं' मध्ये, तारखेच्या फोल्डरात जाते. तिथे कोणालाच लिहिण्याची परवानगी नाही, मलाही नाही.

ज्वारीतल्या मोरीनंतर आम्ही शीटांच्या फोल्डरमध्ये झिप उघडायला बंदी केली. बाहेरून आलेलं सगळं 'आलेलं' मध्ये, तारखेसकट. 'डिझाइन फायनल' चं नाव परत 'डिझाइन' केलं, तेव्हा तुटलेले पत्ते आपोआप जुळले. नवी प्रिंट हातात पडल्यावर सुपरवायझरचा पुन्हा फोन आला. चुना नाल्यावर पडला होता, आणि शेतकरी विचारत होता की मग ज्वारीत मारलेल्या खुणेचं काय करायचं.